भाडेकरूकडून पूर्ण बाजारभाव घ्यावा का? आणि त्यालाच घर विकताना?

प्रश्न असा आहे. कोथरूडमध्ये २००५ साली १८ लाखांना घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट. सहा वर्षे एकच कुटुंब भाड्याने राहतंय, भाडे २२,००० रुपये. एजंट म्हणतो, आज सहज २८,००० येतील. वर्षा-दीड वर्षात फ्लॅट विकायचाही आहे आणि भाडेकरूच घ्यायला तयार आहेत. घरातले म्हणतात, ओळखीपायी नुकसान करून घेऊ नकोस, पूर्ण भाव घे. मालकाचं मन तयार होत नाही. मग काय करावं?

उत्तर आधी सांगतो. भाड्याच्या बाबतीत, पारखून झालेल्या भाडेकरूसाठी बाजाराच्या थोडं खाली राहा. त्यात दया आहेच, पण हिशेबही त्याच बाजूने आहे. विक्रीत मात्र भाव बाजारालाच धरा. सवलत द्यायची ती वाचलेल्या खर्चातून, मुदतीतून आणि सोयीतून द्या, किंमत वाटेल तशी खाली आणून नको. तिथे मालकाने सोडलेला रुपया भाडेकरूच्या हातात पूर्ण पडतच नाही, मधे कर बसलेला असतो.

पण त्याआधी, बाजारभाव म्हणजे नेमका कुठला आकडा? एजंटचे २८,००० हा मागितलेला भाव आहे. वेबसाइटवरच्या जाहिरातीही मागण्याच आहेत. त्यात वरचा भाव सांगून थांबलेले, महिनोन्‌महिने रिकामे पडलेले फ्लॅट जास्त दिसतात, कारण योग्य भावाचे फ्लॅट आठवड्यात उठतात आणि जाहिरात निघून जाते. खरा आकडा नोंदलेल्या करारांत असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक टाकला की त्या मिळकतीचे नोंदलेले दस्त येतात. प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, उघडून बघा. वरच्याच ओळींत दोन वेगळे रकाने असतात: ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’. मोबदला म्हणजे दोघांत ठरलेली रक्कम. त्याखालचा बाजारभाव म्हणजे शुल्क आकारण्यासाठी सरकारी तक्त्यावरून काढलेली रक्कम. पुष्कळ लोक हा दुसरा आकडा वाचून घराची किंमत ठरवतात आणि फसतात. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. ते कार्पेट आहे की बिल्ट-अप हे दस्तात पाहून मगच तुलना करा, नाहीतर दर चौरस फुटाचा भाव कुठल्या कुठे जातो.

आपल्याच सोसायटीतले आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतले गेल्या वर्षभरातले पाच-सहा करार मिळाले की पुरे. त्यांतला सर्वात वरचा आणि सर्वात खालचा सोडून द्या. वरच्यात बहुतेकदा एसी, मॉड्युलर किचन, दोन गाड्यांचं पार्किंग असतं, खालच्यात नातेवाईक असतात. मधले आकडे साधारण हजार-दीड हजाराच्या पट्ट्यात येतात. या प्रश्नातल्या फ्लॅटसाठी समजा तो पट्टा २५,५०० ते २६,५०० निघाला. म्हणजे बाजारभाव २६,००० धरायचा आणि खरी तफावत सहा हजारांची नाही, चार हजारांची.

एक सावधगिरी, विशेषतः मुंबईच्या उपनगरांसाठी. आसपासच्या चार-पाच इमारती एकदम पुनर्विकासाला गेल्या की त्या भागातली भाडी चढतात, कारण तिथल्या रहिवाशांचं भाडं बिल्डर देत असतो. दोन-तीन वर्षांत ती कुटुंबं नव्या घरात परततात आणि त्याच वेळी नवे फ्लॅटही भाड्याला येतात. अशा काळातला भाव कायमचा समजून जुना भाडेकरू घालवला, तर पुढे पस्तावायची पाळी येते.

आता भाड्यातून हाती काय राहतं ते पाहू, कारण किती सोडता येईल हे त्यावर ठरतं. २६,००० भाड्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३,५०० मालक भरतो असं धरू. भाड्याने दिल्यामुळे सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तशी शासनाने २००१ मध्येच मर्यादा घातली आहे. म्हणजे मेंटेनन्समधलं सेवाशुल्क २,००० असेल तर २०० रुपये. सोसायटी भाड्याच्या टक्क्यांत किंवा एकरकमी हजार-दोन हजार मागत असेल तर लेखी हरकत घ्या. मालमत्ता कर महिन्याला १,००० धरू. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला जी ४० टक्के सवलत आहे ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, हे विसरू नका. दुरुस्तीसाठी वर्षाला एका महिन्याचं भाडं, म्हणजे महिन्याला सुमारे २,१७०. हे झाले ६,८७०. मग आयकर: वर्षाच्या ३,१२,००० भाड्यातून भरलेला मालमत्ता कर १२,००० वजा, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट, राहिले २,१०,०००. मालक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ६५,५२०, म्हणजे महिन्याला ५,४६०. सगळं जाऊन हातात १३,६७० उरतात.

याची दुसरी बाजू अशी, की भाडं दोन हजारांनी कमी घेतलं तर खिशातून दोन हजार जात नाहीत. त्यावरचा ४३७ रुपये करही वाचतो. सवलतीची खरी किंमत १,५६३ पडते. अर्थात भाडं कर वाचवायला कमी करू नये, पण हिशेब करताना हा आकडा घ्यावा.

आणि भाडेकरू बदलायचा खर्च? एक महिना रिकामा, २६,०००. अर्ध्या महिन्याची दलाली १३,०००. रंग १८,०००. नळ, बटणं, कुलूप, संडास-बाथरूमची सफाई ३,०००. एकूण ६०,०००. रिकामा महिना एकच धरला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत घर रिकामं झालं तर दोन सहज जातात, कारण कुटुंबं शाळेच्या हिशेबाने एप्रिल ते जूनमध्ये घर बदलतात.

आता दोन रस्ते शेजारी ठेवा, प्रत्येकी ३६ महिन्यांचे.

पहिला रस्ता: जुन्यांना सांगायचं की भाडं २४,००० करतो, दर वर्षी ६ टक्के वाढ. महिन्याला २४,०००, मग २५,४४०, मग २६,९६६. तीन वर्षांत ९,१६,८७२ रुपये.

दुसरा रस्ता: नवे भाडेकरू २६,००० ला, दर वर्षी ५ टक्के. २६,०००, २७,३००, २८,६६५. तीन वर्षांत ९,८३,५८०, त्यातून बदलायचे ६०,००० गेले की ९,२३,५८०.

फरक ६,७०८ रुपयांचा, तोही तीन वर्षांत. सहा वर्षं राहिलेल्यांना रंग मात्र एकदा आपणहून लावून द्या, द्यायलाच हवा. ते १८,००० धरले तरी फरक २५ हजारांच्या आत राहतो, महिन्याला सातशेच्या खाली. या सातशेच्या बदल्यात मिळतं काय, तर सहा वर्षांत भाडं न थकवलेला माणूस. नवे भाडेकरू मधेच सोडून गेले तर आणखी ५०-६० हजारांचा खड्डा. नवे भाडं थकवणारे निघाले तर तो खड्डा किती, हे कुणालाच आधी सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सर्वात जास्त चूक इथेच होते. सवलत पहिल्या दिवशी देऊन फायदा नाही. नव्या माणसाला २६,००० चा फ्लॅट २४,००० ला दिला म्हणून तो जास्त काळ राहील याची काही खात्री नाही. अकरा महिन्यांत त्याची बदली झाली की सवलतही गेली आणि ६०,०००ही गेले. नव्याला मधल्या पट्ट्यातला भाव सांगा, पंधरा दिवसांत घर जाईल असा. सवलत कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी, वाढ कमी धरून द्या. तोवर वेळेवर भाडं, शेजाऱ्यांशी वागणं, घराची निगा सगळं दिसलेलं असतं. वर्षाला २४,००० सोडून ६०,००० चा बदल टळत असेल, तर एका टळलेल्या बदलात अडीच वर्षांची सवलत वसूल.

उलट टोकही वाईट. पुष्कळ मालक सहा-सात वर्षं भाडं वाढवतच नाहीत, संकोच वाटतो म्हणून. मग एक दिवस तफावत बघून अस्वस्थ होतात आणि एकदम सहा हजारांची वाढ मागतात. समोरच्या कुटुंबाचं महिन्याचं गणित त्या एका वाक्याने मोडतं. दर वर्षी ५ टक्के वाढले असते तर २२,००० चे सहा वर्षांत आपसूक २९,००० च्या पुढे गेले असते, आणि कुणालाच धक्का बसला नसता. वाढ करारातच आकड्यांत लिहा: कुठल्या महिन्यापासून किती रुपये. नुसतं ‘परस्पर संमतीने वाढ’ असं लिहिलेलं काही कामाचं नाही.

कराराची बाजू थोडक्यात, पण हलक्यात घेऊ नका. सहा वर्षांचा भाडेकरू म्हटलं की हमखास आढळतं ते असं: पहिला लिव्ह अँड लायसन्स नोंदलेला, पुढचा एखादा नुसता नोटरीचा, नंतर काहीच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम २४ चं संरक्षण, म्हणजे मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा आणि तोवर दुप्पट दराने भरपाई, तेही लेखी करार हातात असला तरच उपयोगी पडतं. कमी भाड्यात, नुसत्या शब्दावर, भाच्याला किंवा मित्राच्या मुलाला दिलेली घरं सर्वात जास्त अडकतात. भाडं कमी असलं म्हणजे कागद कमी चालतो असं नाही.

खर्चही फार नाही. वरच्या ३६ महिन्यांच्या कराराला एकूण भाडं ९,१६,८७२, त्यात ७५,००० अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी तीन वर्षांचे २२,५०० मिळवायचे, येतात ९,३९,३७२, आणि त्यावर पाव टक्का. मुद्रांक शुल्क साधारण २,३५० ते २,४०० होतं, शहरी भागात नोंदणी शुल्क १,०००. करार संपण्याची तारीख मे महिन्यात येईल अशी ठेवा. मुलांची शाळा असलेल्या घराला ही एक ओळ हजार रुपयांच्या सवलतीपेक्षा जास्त मोलाची वाटते, आणि मालकालाही घर हंगामात रिकामं मिळतं.

हेवी डिपॉझिट घेऊन भाडं नाममात्र ठेवायची मुंबईची पद्धत मी सुचवणार नाही. रक्कम एकदा घरखर्चात किंवा दुसऱ्या घरात गेली की परत द्यायच्या वेळी नव्या भाडेकरूच्या पैशांची वाट बघावी लागते, आणि जुना माणूस पैसे मिळाल्याशिवाय हलत नाही. त्याचंही चुकत नाही.

नातेवाईकाला अगदीच कमी भाड्यात दिलं तर आयकराचाही प्रश्न येतो. घराच्या उत्पन्नाची आकारणी करताना प्रत्यक्ष मिळालेलं भाडं आणि त्या घराला वाजवीपणे अपेक्षित भाडं, यांतलं जास्त असेल ते धरायची तरतूद आहे. २६,००० च्या जागी २४,००० घेतले म्हणून कुणी विचारत नाही, वाजवी भाडं हा काही एकच आकडा नसतो. पण २६,००० चं घर ५,००० ला दाखवलं तर न मिळालेल्या भाड्यावर कर भरायची तयारी ठेवावी.

आणि एक गोष्ट ठामपणे म्हणतो. एकट्या राहणाऱ्या मुली, अविवाहित मुलं, मुस्लिम कुटुंबं यांना सहजी घर मिळत नाही, हे ओळखून त्यांना दोन-तीन हजार वर लावणं याला बाजारभाव म्हणत नाहीत. समोरच्याची अडचण विकत घेणं आहे ते. त्याच मजल्यावरच्या तशाच फ्लॅटचा जो नोंदलेला भाव, तोच त्यांना सांगावा.

‘मग सगळ्यांनीच कमी भाडं घ्यावं’ असं म्हणणाऱ्यांनी गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळी आठवाव्यात. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभूत भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. पन्नास वर्षांनी ते भाडं गच्चीवरच्या डांबरालाही पुरेना. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरू घर सोडीना, आणि पागडी हाच खरा बाजार झाला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. १९९९ चा कायदा आला तेव्हा अशा जुन्या भाड्यांना वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, पण इतक्या लहान आकड्यावर ४ टक्के म्हणजे किती? म्हणून सवलतीला तळ हवा. वर काढलेले ६,८७० आणि कर हा या फ्लॅटचा तळ आहे. त्याला धक्का लागला की पुढच्या पावसाळ्यात गळती तशीच राहते आणि सवलतीची किंमत भाडेकरूच मोजतो.

आता विक्री.

इथे आधी तीन आकडे काढायचे: बाजारभाव, सरकारी मूल्य आणि बँकेचं मूल्यांकन. इंडेक्स टू वरून समजा बाजारभाव ९५ लाख निघाला. सरकारी मूल्य म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्त्याचं, रेडी रेकनरचं, ते समजा ८० लाख. भाडेकरूच्या बँकेचा व्हॅल्युअर समजा ८८ लाख म्हणतो. तिन्ही आकडे खरे आहेत, तिघांचं काम वेगळं.

मालक म्हणाला, चांगली माणसं आहेत, ७० लाखांना देऊन टाकतो. होतं काय ते पाहा. आयकर कायद्याच्या कलम ५०सी प्रमाणे सरकारी मूल्य हे ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर भांडवली नफा काढताना सरकारी मूल्यच विक्रीची किंमत धरलं जातं. ७० चे ११० टक्के ७७, मूल्य ८०. म्हणजे मालकाने ७० घेतले तरी कर ८० वर. आणि घेणाऱ्याला कलम ५६(२)(एक्स) लागतं: फरकाचे १० लाख त्याचं त्या वर्षाचं उत्पन्न. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याचे ३ लाख गेले, मालकाचे २० टक्क्यांनी २ लाख, वर उपकर. दहा लाखांच्या त्या मायेतले पाच लाखांहून जास्त सरकारजमा. मुद्रांक शुल्क तर तसंही ८० लाखांवरच लागतं. (कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या २०२५ च्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरतुदींचा आशय तोच आहे.)

हाच व्यवहार ७३ लाखांना केला तर? ७३ चे ११० टक्के ८०.३, मूल्य त्याच्या आत. दोघांनाही काही लागत नाही. म्हणजे सरकारी मूल्य भागिले १.१, इथे ७२.७३ लाख, ही सवलतीची शेवटची पायरी. त्याच्या वर ९५ पर्यंत किती सोडायचं हे मालकाच्या मनावर आहे. त्याच्या खाली एक रुपयाही जाऊ नये. मुंबईच्या काही भागांत बाजारच रेडी रेकनरच्या खाली असतो. तिथे मालक विभागीय मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी आकारणीच्या वेळी करू शकतो. त्यासाठी स्वतंत्र व्हॅल्युअरचा अहवाल आणि शेजारच्या विक्रीचे इंडेक्स टू आधीच फाइलला लावून ठेवा. तक्ते साधारण १ एप्रिलला बदलतात. मार्चमध्ये साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, होऊन काही रक्कम बँकेतून आलेली असेल, तर आयकरासाठी साठेखताच्या तारखेचं मूल्य धरता येतं, हेही लक्षात ठेवा.

सख्ख्या नात्यात विकणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. घेणारा नातेवाईक असला तर ५६(२)(एक्स) मधून सुटतो, पण विकणारा ५०सी मधून सुटत नाही. मुलीला ३० लाखांत ‘विकण्या’पेक्षा सरळ बक्षीसपत्र करावं. राहत्या घराचं बक्षीसपत्र पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. भाऊ-बहीण या दोनशेच्या यादीत नाहीत.

मग भाडेकरूला किती सोडावं? बाहेरच्या गिऱ्हाईकाला विकायचं तर एक टक्का दलाली ९५,०००, घर रिकामं करून दाखवायचे दोन महिने ४८,०००, रंग १८,०००. एकूण १,६१,०००. भाडेकरू घेत असेल तर यातलं काहीच लागत नाही, म्हणून दीड लाखांपर्यंत कमी घेणं ही सवलतच नाही, तो वाचलेला खर्च आहे आणि त्याच्याच वाट्याला जावा. ९३ लाख हा दोन्ही बाजूंना न्याय देणारा आकडा दिसतो: मालकाचे खरे जेमतेम चाळीस हजार सुटतात. यापुढे सोडायचं असेल तर ती भेट आहे हे स्वतःशी आणि बायको-मुलांशी आधी बोलून घ्या. मागून घरात कटुता येते ती न बोललेल्या सवलतीची.

९३ वरून घेणाऱ्याची ओढाताण बघा. बँक कर्ज देते ते किंमत आणि मूल्यांकन यांतल्या कमी आकड्यावर. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्क्यांची. ८८ चे ८० टक्के ७०.४ लाख. उरलेले २२.६ लाख, पुण्यातलं ७ टक्के मुद्रांक शुल्क ६.५१ लाख, नोंदणी ३०,०००. स्वतःचे २९.४१ लाख उभे करायचे. व्यवहार मोडतात ते बहुधा इथे. किंमत मान्य असते, पण हातची रक्कम तीन-चार लाखांनी कमी पडते.

इथे मालक किंमत न उतरवता पुष्कळ काही करू शकतो. खरेदी फक्त स्त्रीच्या नावे केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, ९३ लाखांवर ९३,००० वाचतात. पती-पत्नी दोघांच्या नावे केलं तर ती सूट नाही. बऱ्याच कुटुंबांना हे दस्त तयार झाल्यावर कळतं, म्हणून आधीच सांगा. विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, पाच-दहा लाख मागण्याऐवजी एक लाखावर साठेखत करा. कर्जमंजुरीला तीस दिवसांऐवजी साठ द्या. साठेखतापासून खरेदीखतापर्यंतचं भाडं माफ करा, दोन महिन्यांचे ४८,००० त्यांच्या खिशात राहतात. अनामतीचे ७५,००० किमतीत वळते करा, पण तसं दस्तात रक्कम आणि मूळ पावतीच्या तारखेसह लिहा. नाहीतर बँक ती भरलेली रक्कम मानत नाही. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य महापालिका हद्दीत २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही, ते मालकाने भरावं. हे सगळं मिळून घेणाऱ्याला दोन लाखांच्या आसपास हलकं होतं, कर्जाचा व्यवहार सुटतो आणि ५०सी जवळही येत नाही.

भाडेकरूच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. तो आधीच ताब्यात आहे. ताबा दिलेलं साठेखत महाराष्ट्रात मुद्रांकापुरतं खरेदीखतासारखं धरलं जातं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्याच, भाडेकरूला विकलेल्या घराच्या प्रकरणात तेच सांगितलं. तेव्हा शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर ‘तात्पुरतं’ साठेखत करायचं, शुल्क पुढे बघू, असं करू नका. साठेखतालाच पूर्ण शुल्क भरा, खरेदीखताच्या वेळी ते धरलं जातं.

‘कागदावर ८०, बाकी १५ रोख’ हा प्रस्ताव ओळखीच्या माणसाकडून आला तरी नाकारा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड आहे, विसार धरून. घेणाऱ्याचं कर्ज ८० वर येतं, म्हणजे त्याला हातचे पैसे उलट जास्त लागतात, आणि पुढे तो विकेल तेव्हा त्याची खरेदी ८० चीच. मालकाला रोखीचे १५ लाख दुसऱ्या घरात गुंतवल्याचं दाखवता येत नाही, म्हणजे कलम ५४ ची सूटही तेवढी हुकते.

पूर्ण भावावर कर किती बसतो, याची भीती बहुतेकांना खऱ्यापेक्षा जास्त असते. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी दोन पर्याय आहेत: साध्या नफ्यावर साडेबारा टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून वीस टक्के, जो कमी तो. २००५-०६ चा निर्देशांक ११७, २०२५-२६ चा ३७६. १८ लाखांचे ५७.८५ लाख झाले. २०२५-२६ मध्ये ९५ ला विकलं तर पहिल्या पर्यायाने ९.६३ लाख, दुसऱ्याने ७.४३ लाख, अधिभार-उपकर वेगळे. हा कर वाचवायला दुसरं घर घ्यायचं असेल तर विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षं नंतर, बांधायचं तर तीन वर्षांत. किंवा त्यासाठी ठरवून दिलेल्या रोख्यांत गुंतवायचं तर ५० लाखांपर्यंत, सहा महिन्यांच्या आत.

मालक परदेशी असेल, आज कोथरूड-पार्ल्याच्या कितीतरी फ्लॅटचे मालक न्यू जर्सी किंवा लंडनला आहेत, तर निर्देशांकाचा पर्याय अनिवासी व्यक्तीला नाही. शिवाय घेणाऱ्याला निवासी मालकासारखा एक टक्का नाही, भांडवली नफ्याच्या दराने कर कापावा लागतो, तोही बहुधा पूर्ण किमतीवर. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढला नाही तर मोठी रक्कम विवरणपत्र भरेपर्यंत अडकते. हे टाळायला मालक दोन-तीन लाख उतरवून घाईने विकतात. दाखल्यासाठी दोन महिने आधी अर्ज करा आणि भाव राखा.

भाव राखणं म्हणजे ताणणं नव्हे. रिकाम्या फ्लॅटला एक कोटी सांगून थांबायचं तर ९५ लाखांवर वर्षाला ७ टक्के धरून महिन्याला ५५,४०० बुडतात, मेंटेनन्स वेगळा. तो धरून चार महिन्यांत २,३५,०००. आणि तोवर एजंटांमध्ये ‘तो फ्लॅट अजून आहे’ असं झालं की पुढचं गिऱ्हाईक ९२ पासून बोलायला लागतं.

क्रम असा ठेवा. आधी जुना करार तपासून नवा नोंदवा, २४,००० वर, विक्री झाल्यास करार संपेल या कलमासह. विक्रीच्या सहा महिने आधी त्यांना लेखी विचारा: ९३ लाख, उत्तराला तीस दिवस. होकार आला तर साठेखताआधी सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराची पावती, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि मूळ खरेदीखत त्यांच्या बँकेला द्या. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने निवासी मालकाचा एक टक्का आयकर, इथे ९३,०००, घेणाऱ्याने कापून महिनाअखेरीपासून तीस दिवसांत भरायचा असतो. त्याचा दाखला हातात आल्यावर पॅनवर रक्कम दिसते का ते तपासा. नाव चुकलं किंवा वर्ष चुकलं की दुरुस्तीला महिने जातात. नकार आला, तर त्यांना मेपर्यंत राहू द्या आणि बाहेरच्या गिऱ्हाईकाला ९५ सांगा.